दोन तारखा आणि एक तिरपी रेघ

जर्मन भूमीवरचे तीस वर्षांचे युद्ध ज्या तहांनी संपले, त्यांची तारीख इतिहासाच्या पुस्तकांत २४ ऑक्टोबर १६४८ अशी दिलेली असते. पण ओस्नाब्रुक शहरात वाटाघाटी होऊन जो तह ठरला, त्याच्या शेवटी तारीख लिहिली आहे ती अशी : १४/२४ ऑक्टोबर. दिवस एकच, तारखा दोन, आणि मध्ये एक तिरपी रेघ. प्रोटेस्टंटांच्या हिशेबाने त्या दिवशी चौदा तारीख होती, कॅथलिकांच्या हिशेबाने चोवीस. तीस वर्षे एकमेकांची गावे जाळून जी माणसे समोरासमोर बसली होती, त्यांचे ‘आज तारीख काय?’ या प्रश्नावरही एकमत नव्हते. तरीही त्यांनी सह्या केल्या.

सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या युरोपबद्दल आपण जे शिकतो, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. १५१७ मध्ये ल्यूथर उभा राहिला आणि पोपच्या सत्तेला तडा गेला. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ आला आणि पृथ्वी विश्वाच्या मध्यावरून हलली. १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकावे लागले, पण १६८७ मध्ये न्यूटनने सगळ्याची भरपाई केली. धर्म हरला, विज्ञान जिंकले, अंधार सरला, उजेड आला. याच साच्यात एक लाडकी आठवण बसवलेली असते : ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला. आता नीट पाहा. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, तो इटलीच्या नव्या कॅलेंडरप्रमाणे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, तो इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे. दोन्ही तारखा एका मापाने मोजल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो. ज्योत एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची ती सुंदर कथा दोन कॅलेंडरांची सरमिसळ करून उभी राहिली आहे.

मला तो साचाच अपुरा वाटतो. त्या काळाचा खरा धडा मला तहावरच्या तिरप्या रेघेत दिसतो. सत्य सापडणे ही एक गोष्ट आणि ते सर्वांनी मान्य करणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर हुकमाने तुटत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास बसावा लागतो आणि निर्णयाची रीत दोन्ही बाजूंना मान्य असावी लागते. युरोपने ही गोष्ट पुस्तकातून शिकली नाही, रक्त सांडून शिकली. कॅलेंडरचा वाद हा तिचा उत्तम साक्षीदार आहे, कारण धर्म, राज्य आणि विज्ञान या तिन्ही गोष्टी त्या एका वादात गुंतल्या होत्या.

मूळ अडचण गणिताची होती. ज्युलियस सीझरने घालून दिलेल्या कालगणनेत वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे धरले होते. ऋतूंचे खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असते. ११ मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. इ.स. ३२५ मध्ये निकाया येथे ख्रिस्ती धर्मपरिषद भरली, तेव्हा वसंतसंपात २१ मार्चच्या आसपास येत असे. सोळावे शतक उजाडेपर्यंत तो ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता. ईस्टर हा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी यायचा. सूर्य आणि चंद्र या दोघांचाही मेळ घालणारा तो सण आहे. अधिक मासाच्या हिशेबाची सवय असलेल्या मराठी वाचकाला त्यातली गुंतागुंत चटकन उमगेल. संपातच चुकला तर सण चुकतो, आणि सण चुकला तर त्यावर बांधलेले सगळे धार्मिक वर्ष चुकते.

ही चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रोममध्ये भरलेल्या धर्मपरिषदेच्या वेळी सुधारणेबद्दल विद्वानांची मते मागवली गेली, त्यांत कोपर्निकसही होता. वर्षाची आणि महिन्याची लांबी अजून पुरेशी अचूक ठरलेली नाही, हा मुद्दा त्याने पुढे आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेतही मांडला. ती अर्पणपत्रिका पोप तिसऱ्या पॉलच्या नावे आहे. या ग्रंथाची जन्मकथाही साच्यात बसणारी नाही. लिहिणारा कॅथलिक चर्चच्या सेवेतला. त्याच्या मागे लागून तो छापायला लावणारा ऱ्हेटिकस हा ल्यूथरच्याच विटेनबर्ग विद्यापीठातला तरुण प्राध्यापक. छपाई झाली ती न्युरेंबर्ग या प्रोटेस्टंट शहरात, आणि निनावी प्रास्ताविक जोडले ते ओझियांडर या ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाने. १५४३ मध्ये पंथांच्या भिंती उभ्या राहत होत्या, पण त्यांतून माणसे अजून ये-जा करत होती.

पुढच्या चाळीस वर्षांत त्या भिंती उंच झाल्या. पोप तेराव्या ग्रेगरीने नेमलेल्या समितीपुढे कालाब्रियातला वैद्य अलोयसियस लिलियस याने तयार केलेली योजना आली. लिलियस १५७६ मध्ये वारला. योजना पुढे नेली त्याच्या भावाने. समितीत क्रिस्टोफर क्लावियस हा जेझुइट गणिती होता आणि सिरियाहून रोमला आलेला एक ख्रिस्ती धर्मगुरूही होता. योजना साधी आणि सुंदर होती. साचलेले दहा दिवस एकदाच गाळायचे, आणि पुढे चूक साचू नये म्हणून दर ४०० वर्षांत तीन लीप वर्षे कमी करायची. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष. २००० साली फेब्रुवारीत २९ दिवस होते आणि २१०० साली नसतील, ते या नियमामुळे. २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने हा बदल जाहीर झाला. त्या वर्षी इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंडमध्ये ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. फ्रान्सने डिसेंबरात तेच केले.

गणित बरोबर होते. आज सारे जग त्याच गणितावर चालते. आणि तरीही निम्म्या युरोपने ते नाकारले.

या नकाराला हेकेखोरपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. आज्ञापत्र काढणारा पोप कोण होता, हे आधी पाहायला हवे. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली आणि ती फ्रान्सभर पसरून हजारो माणसे मारली गेली. ती बातमी रोमला पोहोचल्यावर ज्या पोपने देवाचे आभार मानणारी प्रार्थना करवली आणि स्मरणार्थ पदक पाडले, तो हाच तेरावा ग्रेगरी. दहा वर्षांनी तोच माणूस म्हणत होता की तुमचे दहा दिवस मी काढून टाकतो. ज्याच्या घरातली माणसे गेली, त्याने त्या क्षणी वर्षाच्या लांबीचा विचार करावा अशी अपेक्षा कोणी ठेवायची? प्रोटेस्टंटांना दिसत होते ते असे : आज सणाचा दिवस रोम ठरवणार, उद्या सणात काय म्हणायचे तेही रोमच ठरवणार. १५५५ च्या ऑग्सबर्ग धर्मशांततेने ल्यूथरपंथी संस्थानांवरचा बिशपांचा अधिकार थांबवला होता. तो अधिकार कॅलेंडरच्या मागच्या दाराने परत येतो आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या भीतीला कारण होते. चूक एवढीच की तिचा राग त्यांनी गणितावर काढला.

सामान्य माणसेच तेवढी भावनेच्या भरात होती असेही नाही. ट्युबिंगन विद्यापीठातला मिखाएल मेस्टलिन हा त्या काळातल्या मोजक्या कोपर्निकसवाद्यांपैकी एक. योहानेस केपलरला सूर्यकेंद्री विश्वाची ओळख त्यानेच करून दिली. म्हणजे आपल्या साच्याप्रमाणे तो उजेडाच्या बाजूचा. या मेस्टलिनने नव्या कॅलेंडरविरुद्ध १५८३ पासून पुस्तके लिहिली. त्याच्या हरकतींत खगोलशास्त्राचे खरे मुद्दे होते, पण मुळाशी पोपच्या अधिकाराला नकार होता. उलट नव्या कॅलेंडरची बाजू सर्वांत समर्थपणे लढवली ती क्लावियसने, आणि क्लावियस आयुष्यभर पृथ्वीच विश्वाच्या मध्यावर आहे असे मानत होता. सूर्य स्थिर आहे हे ज्याला पटले होते त्याने बरोबर कॅलेंडर नाकारले. सूर्य फिरतो असे मानणाऱ्याने ते उभे केले. याच क्लावियसच्या रोममधल्या जेझुइट महाविद्यालयाने १६११ मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेल्या गोष्टी स्वतः पडताळून खऱ्या ठरवल्या. ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ अशी सरळ रेघ मारली की ही सगळी माणसे रेघेच्या चुकीच्या बाजूला जाऊन पडतात.

केपलरचे काय झाले, ते तर मनाला लागणारे आहे. तो श्रद्धावान ल्यूथरपंथी होता. १६०० मध्ये ग्राट्समधून त्याला प्रोटेस्टंट म्हणून कॅथलिक राजवटीने घालवून दिले. पुढे लिंट्समध्ये त्याच्याच पंथाच्या धर्मोपदेशकाने त्याला पवित्र भोजनाच्या विधीतून वगळले, कारण पंथाच्या मतपत्रावर तो बिनशर्त सही करायला तयार नव्हता. १६१५ पासून त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून आरोप झाले आणि ती सुटायला १६२१ साल उजाडले. हा माणूस नव्या कॅलेंडरचा पुरस्कर्ता होता. १६१३ मध्ये जर्मन संस्थानांचा समावेश असलेल्या पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट माथियास याच्याबरोबर तो रेगेन्सबुर्गच्या साम्राज्यसभेला गेला आणि प्रोटेस्टंट संस्थानांनी हे कॅलेंडर स्वीकारावे अशी बाजू त्याने मांडली. ग्रहांच्या गतीचे पहिले दोन नियम त्याने तेव्हा प्रसिद्धही केले होते. त्या काळी त्याच्याहून मोठा जाणकार युरोपात क्वचितच असेल. तरी कोणी ऐकले नाही. जाणकाराचा शब्द पुरेसा नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

अभ्यासिकेतला हा वाद रस्त्यावर कसा उतरतो, हे ऑग्सबर्ग शहरात दिसले. बव्हेरियाच्या शेजारचे हे व्यापारी शहर. बहुसंख्य रहिवासी ल्यूथरपंथी, पण नगरसभेत वरचष्मा कॅथलिकांचा. आसपासच्या कॅथलिक मुलखाशी बाजारपेठ जोडलेली असल्याने व्यवहार अडू नयेत म्हणून नगरसभेने १५८३ मध्ये नवे कॅलेंडर लागू केले. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता. पण ल्यूथरपंथी धर्मोपदेशकांनी सण जुन्या तारखांनीच जाहीर केले. १५८४ च्या जूनमध्ये नगरसभेने त्यांचा प्रमुख गेओर्ग म्युलर याला गाडीत घालून शहराबाहेर काढायचा प्रयत्न केला. बातमी फुटली, लोक वेशीवर जमले आणि त्यांनी त्याला सोडवले. शहर हत्यार घेऊन उभे राहिले. तडजोड व्हायला आणखी काही वर्षे गेली. ती माणसे सण कधी करायचा हे ठरवण्याच्या हक्कासाठी उभी होती, आणि तो हक्क त्यांना जिवाच्या मोलाचा वाटत होता.

इंग्लंडमध्ये रक्त सांडले नाही, पण शहाणपण तिथेही हरले. १५८३ मध्ये जॉन डी या गणितीने राणी एलिझाबेथच्या दरबारापुढे कॅलेंडर सुधारण्याची योजना ठेवली. दरबार अनुकूल होता. बिशपांनी ती अडवून धरली, कारण रोमशी सलगी नको होती. इंग्लंडने नवे कॅलेंडर घेतले ते १७५२ मध्ये. तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता. बरोबर उत्तर दारात उभे होते आणि १७० वर्षे दार उघडले नाही.

मग ते अंतर शेवटी कसे तुटले? याचे उत्तर आधी राजकारणात शोधावे लागते. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांत जर्मन भूमीची जी राखरांगोळी झाली, तिचे वर्णन करायला एक माग्डेबुर्ग पुरे. १६३१ च्या मे महिन्यात हे प्रोटेस्टंट शहर सम्राटाच्या फौजांनी लुटले आणि सुमारे वीस हजार माणसे मेली. युद्ध, उपासमार आणि साथींनी काही प्रदेशांत निम्म्याहून अधिक वस्ती नाहीशी झाली. कोणत्याही पक्षाला पूर्ण विजय मिळणार नाही हे दोघांनाही कळले, तेव्हा आरंभी उल्लेखलेले ते तह, म्हणजे वेस्टफालियाचे तह, झाले.

या तहांनी ‘खरा धर्म कोणता?’ या प्रश्नाला हातच घातला नाही, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी तीन साध्या सोयी केल्या. पहिली, एक आधारवर्ष ठरवले : १६२४ च्या आरंभी जे देऊळ, जी मठाची जमीन, जो उपासनेचा हक्क ज्याच्याकडे होता, तो त्याच्याकडे राहील. दुसरी, साम्राज्यसभेत धर्माच्या प्रश्नावर बहुमताने निकाल लावायचा नाही. दोन्ही पंथांनी वेगवेगळे बसायचे आणि मग समेटाने ठरवायचे. तिसरी सोय ऑग्सबर्गसारख्या मिश्र वस्तीच्या शहरांसाठी : तिथली सार्वजनिक पदे कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांत सारखी वाटायची. पोप दहाव्या इनोसंटने तहाचा निषेध केला. त्या निषेधाने तह मोडला नाही, कारण कॅथलिक राजांनाही आता शांतता हवी होती.

बहुमताचा नियम मुद्दाम बाजूला ठेवण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. बहुमत हे न्यायाचे साधन आहे असे आपण मानतो आणि बहुतेक व्यवहारांत ते खरेही आहे. पण काही प्रश्न असे असतात की त्यांवर हात वर करून निकाल लावला, तर हरलेल्याला तो निकाल वाटत नाही, पराभव वाटतो. असे प्रश्न कोणते हे ओळखणे आणि त्यांच्यासाठी वेगळी रीत आखणे, हे राजकारणातले प्रौढपण आहे.

विज्ञानात याच सुमारास जे घडले, ते याच रोपट्याची दुसरी फांदी आहे. १६६० मध्ये लंडनमध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली, तेव्हा इंग्लंड यादवी युद्धातून नुकते बाहेर पडले होते. राजाचा शिरच्छेद झालेला, प्रजासत्ताक आलेले आणि गेलेले, राजा पुन्हा परतलेला. सोसायटीच्या पहिल्या फळीत प्रजासत्ताकाचा प्रमुख राहिलेल्या क्रॉमवेलचा मेहुणा जॉन विल्किन्स होता आणि राजाच्या बाजूने राहिलेला रॉबर्ट मोरेही होता. अशी माणसे एका मेजाभोवती बसायची, तर धर्म आणि राजकारण दाराबाहेर ठेवणे भाग होते, आणि त्यांनी ते ठेवले. कोणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, असा अर्थ असलेले बोधवाक्य त्यांनी निवडले. प्रयोग सर्वांसमोर करायचा, पाहणाऱ्यांनी साक्ष द्यायची, नोंद छापायची, म्हणजे दूरच्याला तो पुन्हा करून पाहता येईल. १६६५ पासून त्यांचे नियतकालिक निघू लागले. इंग्लंड आणि युरोपच्या मुख्य भूमीवरचे विद्वान एकमेकांना पत्रे लिहीत, त्यांवर कित्येकदा दोन तारखा असत, मध्ये तीच तिरपी रेघ. प्रयोगशाळेची ही रीत आणि तहाची ती रीत मला सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्हींत ‘कोण म्हणतो’ याचे वजन कमी केले गेले आणि ‘कसे ठरवायचे’ याला महत्त्व आले.

या दोन्ही रीती जिथे एकत्र आल्या, ते साल १७००. त्या वर्षी जुन्या कॅलेंडरमध्ये लीप दिवस येणार होता आणि नव्यात नव्हता. म्हणजे फरक दहाचा अकरा होणार होता. रेगेन्सबुर्गच्या साम्राज्यसभेतल्या प्रोटेस्टंट गटाने १६९९ मध्ये स्वतः बसून निर्णय घेतला. येना विद्यापीठातले एरहार्ड वाइगेल यासाठी वर्षानुवर्षे झटले होते. ते त्याच वर्षी वारले. १७०० मध्ये १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला. पण या कॅलेंडरला त्यांनी पोपचे नाव दिले नाही. ‘सुधारित कॅलेंडर’ म्हटले. ईस्टरही रोमच्या कोष्टकांवरून काढायचा नाही असे ठरले. तो काढायचा प्रत्यक्ष खगोलगणिताने, आणि त्यासाठी कोष्टके निवडली ती १६२७ मध्ये उल्म येथे छापलेली, केपलरची. १६१३ मध्ये ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याच्याच आकड्यांच्या आधाराने त्याच्या पंथाने अखेर ते गणित आपलेसे केले. दोन गणितांच्या फरकामुळे १७२४ आणि १७४४ मध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक ईस्टर एका आठवड्याच्या अंतराने आले. कोणी कोणावर फौज पाठवली नाही. १७७६ मध्ये तोही फरक मिटला.

त्याच १७०० साली बर्लिनमध्ये तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिट्स याच्या पुढाकाराने विज्ञान अकादमी स्थापन झाली. तिचा खर्च चालावा म्हणून ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने तिला कॅलेंडर विकण्याची मक्तेदारी दिली. ज्या वस्तूवरून शंभर वर्षांपूर्वी दंगे झाले, तिच्या विक्रीवर आता खगोलशास्त्र पोसले जाऊ लागले. गॉटफ्रीड किर्ख हे अकादमीचे खगोलशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या बरोबरीने आकडेमोड करणाऱ्या त्यांच्या पत्नी मारिया. १७०२ मध्ये मारियांनी एक धूमकेतू शोधला. १७१० मध्ये पती वारल्यावर त्यांनी कॅलेंडरचे काम आपल्याकडे मागितले. अकादमीने नकार दिला, कारण त्या स्त्री होत्या. ‘कोण म्हणतो’ याचे वजन कमी झाले होते. संपले मुळीच नव्हते.

इथे दोन हरकती येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिली अशी की ही सगळी सहिष्णुता दमलेल्या माणसांची होती. लढायचे बळ सरले म्हणून त्यांनी तलवारी खाली ठेवल्या. मी ते मान्य करतो. सुरुवात थकव्यातूनच झाली. पण थकवा एका पिढीत जातो. नातवंडांना लढाई पुन्हा हवीशी वाटू लागते, तेव्हा आजोबांनी घालून दिलेली रीतच आडवी येते. फ्रान्समध्ये १५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना दिलेले हक्क चौदाव्या लुईने १६८५ मध्ये एका सहीने रद्द केले आणि लाखो माणसांना धर्म बदलणे किंवा देश सोडणे यांपैकी एक निवडावे लागले. ते हक्क एका राजाच्या मर्जीवर टांगलेले होते. जर्मनीतली व्यवस्था अनेक पक्षांच्या सह्यांवर आणि रोजच्या कार्यपद्धतीवर उभी होती. ती साम्राज्य असेतो टिकली. मर्जी आणि रीत यांतला फरक तो हाच.

दुसरी हरकत अधिक बोचणारी आहे. ही तिरपी रेघ युरोपीयांनी मारली ती आपसात, आणि तीही ज्याच्यापाशी फौज होती त्याच्याशीच. वेस्टफालियाच्या संरक्षणात कॅथलिक, ल्यूथरपंथी आणि कॅल्व्हिनपंथी आले; अॅनाबॅप्टिस्टांसारख्या दुबळ्या पंथांना त्यात जागा नव्हती. आणि समुद्रापलीकडे? गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, बसले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. साष्टीतली देवळे १५६० च्या दशकात पाडली गेली. तिथल्या हिंदूंसाठी कोणी आधारवर्ष ठरवले नाही. युरोप घरात जे शिकला, ते त्याने उंबऱ्याबाहेर पाळले नाही, हा त्या शतकांवरचा डाग आहे आणि तो पुसायचे कारण नाही. पण त्यामुळे धडा खोटा ठरत नाही. तो अर्धवट पाळला गेला, एवढेच सिद्ध होते.

या वादाची एक लाट आपल्या किनाऱ्यालाही लागली आहे. पोर्तुगीज नवे कॅलेंडर वापरत, इंग्रज जुने. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर मुंबईत एक तारीख आणि वसईच्या पोर्तुगीज कोटात दहा-अकरा दिवस पुढची, असे कित्येक दशके चालले. शिवराज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन आपल्या जुन्या हिशेबाने तारखा लिहीत होता. आपण ६ जून १६७४ म्हणतो, ती तारीख त्या जुन्या कॅलेंडरची. वसईत त्या दिवशी १६ जून होती. गडावरच्या लोकांसाठी ती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तीन मोजमापे, आणि दिवस तोच. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्याच कॅलेंडरची आहे. नव्याप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. तारीख मानणारे आणि तिथी मानणारे यांच्यात जेव्हा शब्द चढतात, तेव्हा आठवावे की माप बदलल्याने त्या दिवसाचे मोल तसूभरही बदलत नाही.

याचा अर्थ सगळीच मते सारखी खरी, असा मी मुळीच घेत नाही. वसंतसंपात कोणत्या दिवशी आहे, याचे उत्तर एकच असते आणि ते पंथ पाहून बदलत नाही. मेस्टलिनचा पक्ष त्या बाबतीत चुकला आणि क्लावियसचा बरोबर ठरला. पण बरोबर असणाऱ्यावर एक जास्तीची जबाबदारी येते. आपले बरोबर असणे हा दुसऱ्याला वाकवण्याचा परवाना आहे, असे त्याने समजू नये. रोमने ते गणित आज्ञा म्हणून पाठवले आणि ११८ वर्षे ते जर्मनीच्या प्रोटेस्टंट वेशीबाहेर थांबले. तेच गणित स्वतः तपासून, स्वतःच्या सभेत ठरवून, स्वतःच्या नावाने घ्यायची मुभा मिळाली, तेव्हा ते एका वर्षात आत आले. लस असो, पाण्याचे वाटप असो, शाळेतला इतिहास असो, ज्यांना आपले म्हणणे खरे असल्याची खात्री आहे त्यांनी हा ११८ वर्षांचा आकडा ध्यानात ठेवावा. समोरचा ऐकत नसेल तर आपले गणित पुन्हा तपासावेच, पण त्याने आपल्यावर विश्वास का ठेवावा, याचेही उत्तर तयार ठेवावे.

ऑग्सबर्गमध्ये ८ ऑगस्ट १६२९ रोजी प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांना प्रवचनबंदी झाली होती. तह झाल्यावर १६५० मध्ये तिथल्या प्रोटेस्टंटांनी तोच दिवस निवडून शांततेचा सण सुरू केला. पहिली तीन शतके तो त्यांचाच राहिला. आता तो साऱ्या शहराचा आहे. जर्मनीत इतरत्र त्या दिवशी कामकाज चालू असते. ऑग्सबर्गला ८ ऑगस्टची सुट्टी असते.